बाग सर्वांची, वाटा सर्वांचा

संस्थेच्या वाटचालीची, निकालांची आणि नव्या इमारतींची नोंद या स्मरणिकेत अन्यत्र आलेली आहे. वसतिगृहामागील सामूहिक परसबागेविषयी मात्र काही पालक आम्हांला एक प्रश्न पुनःपुन्हा विचारतात. आमच्या पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबल्या. मुलांच्या हातचे खुरपे सुटावे म्हणून त्यांना शाळेत धाडले. मग शाळेनेच ते खुरपे पुन्हा त्यांच्या हाती का द्यावे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

या प्रश्नामागे इतिहास आहे. महार वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांकडून गावाची कामे रात्रंदिवस करून घेतली जात आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते हाती पडे. ही गुलामी मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणा सुचविणारे विधेयक मांडले. त्याआधी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून त्यांनी पाण्यावरील समान हक्क प्रस्थापित केला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. या लढ्यांनी श्रमाला कधी हीन मानले नाही. श्रम एकाचा आणि फळ दुसऱ्याचे, या व्यवस्थेलाच त्यांनी नकार दिला. आमची बाग याच कसोटीवर तपासली जावी, अशी आमची भूमिका आहे.

बागेची आखणी आम्ही ‘पर्माकल्चर’ या पद्धतीने करतो. ‘पर्मनंट’ आणि ‘अॅग्रिकल्चर’ या दोन शब्दांपासून बनलेली ही संज्ञा ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी रूढ केली. त्यांचे पहिले पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. निसर्गातील परस्परसंबंध ओळखून शेती, पाणी आणि वस्ती यांची टिकाऊ रचना करणे, हा तिचा गाभा. तिची मूल्ये तीन आहेत: भूमीची काळजी, माणसांची काळजी आणि न्याय्य वाटा.

भूमीची काळजी म्हणजे मातीतून जे घेतले ते मातीला परत देणे. उघडी माती उन्हाने तापते, तिच्यातील ओल उडते आणि पहिल्याच पावसात तिचा वरचा कस वाहून जातो. म्हणून वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन हवे. ते ओल धरते, तण रोखते आणि कुजून खत होते. ज्वारीच्या ओळींत तूर लावण्याची आपल्याकडील जुनी रीत याच ज्ञानातून आली. तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात.

पाण्याचा हिशेबही मुलांना कळावा लागतो. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी जमते. वर्षाला ६०० मिलिमीटर पावसाच्या गावातही अशा छतावर ६०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ४८,००० लिटर उरते. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खूंच्या निवासांलगत कातळात खोदलेली टाकी आहेत. प्राचीन दानलेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. पावसाचे पाणी साठवणे ही आपल्या परंपरेतीलच गोष्ट आहे.

न्हाणीघराच्या सांडपाण्यासाठी केळीचे आळे उपयोगी पडते. सुमारे २ मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल खड्डा काड्याकुड्या व वाळल्या पाल्याने भरावा, कडेने केळी, पपई व अळू लावावे आणि सांडपाणी त्यात सोडावे. डबके साचत नाही, डास होत नाहीत आणि फळ मिळते. मात्र त्या पाण्यात तीव्र रसायनांची साबण-पावडर नसावी.

‘कचरा’ हा शब्द या पद्धतीत जवळजवळ निरुपयोगी ठरतो. विनयपिटकातील चुल्लवग्गात राजा उदेन आणि भदन्त आनंद यांचा संवाद आहे. एवढी चीवरे घेऊन काय करणार, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. जुन्या चीवरांची अंथरुणे, अंथरुणांच्या गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरची बैठक, पायपुसणी आणि झाडणी करू. शेवटी त्या चिंध्या कुटून मातीत कालवून जमीन सारवू. स्वयंपाकघरातील भाजीचे देठ खतात, खत वाफ्यात आणि वाफ्यातील भाजी पुन्हा ताटात येते, तेव्हा मुले हाच धडा हातांनी शिकतात. पटिच्चसमुप्पाद म्हणजे काय, हेही त्यांना तेथेच अधिक सहज उमगते.

दुसरे मूल्य माणसांच्या काळजीचे. वाढत्या वयाच्या मुलांना रोज ताजी पालेभाजी, शेवगा, पपई मिळावी, हा त्याचा पहिला अर्थ. विषारी फवारणी न करणे, हा दुसरा. प्राणिमात्राची हिंसा न करण्याचे शील सकाळच्या वंदनेपुरते नसते.

परंतु पहिली दोन मूल्ये एखादा जमीनदारही पाळू शकेल. तिसऱ्या मूल्याशिवाय सुंदर बागही वेठबिगारीचे ठिकाण होऊ शकते. म्हणून आमचे काही नियम कठोर आहेत. बागकाम कोणालाही शिक्षा म्हणून दिले जात नाही. अभ्यासाची वेळ बागेसाठी घेतली जात नाही. मुलगे, मुली, शिक्षक आणि कर्मचारी या सर्वांची पाळी सारखी असते. काय पिकले आणि कोठे गेले, हे फलकावर लिहिले जाते. जे पिकते ते एकाच पंगतीत सर्वांच्या ताटात जाते. सुट्टीला जाणारे मूल देशी वाणाचे बियाणे घरी नेते. संकरित बियाण्यापासून पुढच्या पिढीत तेच गुण येतील याची खात्री नसते; देशी वाणाचे बी नीट राखले तर दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान वाण जपले आणि भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले.

संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात तथागतांना विचारले जाते की, कोणाचे पुण्य अहोरात्र वाढते? वृक्ष-उद्याने लावणाऱ्यांचे, पूल बांधणाऱ्यांचे, पाणपोया आणि विहिरी करणाऱ्यांचे, असे ते सांगतात. ही सारी कामे सर्वांच्या उपयोगाची आहेत, हे लक्षात घ्यावे.

पालकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: आम्ही मुलांना मजूर करीत नाही, माती, पाणी आणि बियाणे यांचे जाणकार व समान वाटेकरी करीत आहोत. त्यांतील कोणी अभियंता होईल, कोणी परिचारिका, कोणी अधिकारी. उद्या जमिनीचा, पाण्याचा वा धान्याचा निर्णय त्यांच्या सहीने होईल, तेव्हा वाटा कोणाचा हा प्रश्न त्यांनी आधी विचारावा.

माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. कोल्हापूरच्या मातीतील श्री. अ. दाभोलकरांनी आपल्या ‘प्रयोग परिवारा’तून दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो, असे मांडले. दहा गुंठे सर्वांजवळ नसतील. विहाराच्या आवारात चार वाफ्यांपुरती जागा बहुधा निघेल. तेथे बाग लावावी, पाळ्या ठरवाव्यात आणि हिशेब विहाराच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असा लावावा. बियाणे शाळा देईल.