रॉबरी की बर्गलरी?

इंग्रजी बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. कायद्याच्या लेखी मात्र हे दोन वेगळे गुन्हे आहेत. इंग्लंडच्या १९६८ च्या ‘थेफ्ट अ‍ॅक्ट’नुसार, चोरीसाठी माणसावर बळ वापरलं किंवा त्याला धाक दाखवला, की ती रॉबरी. बर्गलरीत महत्त्व असतं ते इमारतीत बेकायदा शिरण्याला.

८ ऑगस्ट १९६३ रोजी बकिंगहॅमशरमध्ये टपालगाडी अडवून सुमारे २६ लाख पौंड लुटले गेले. इंजिनचालक जॅक मिल्स यांच्या डोक्यात टोळीने वार केला. ही रॉबरी. एप्रिल २०१५ मध्ये लंडनच्या हॅटन गार्डनमधले चोरटे ईस्टरच्या सुट्टीत लिफ्टच्या पोकळीतून तळघरात उतरले, काँक्रीटच्या जाड भिंतीला ड्रिलने भोकं पाडली आणि आतले लॉकर फोडले. धाक दाखवायला समोर कुणी नव्हतंच. खटला चालला तो बर्गलरीच्या कटाचा.

बर्गलरीत काही चोरीला जायलाच हवं असंही नाही. चोरीच्या इराद्याने आत शिरणं पुरेसं.

आपल्याकडे पोलिसांच्या भाषेत ‘जबरी चोरी’ आणि ‘घरफोडी’ हे नेमके शब्द रुळलेले आहेत. बातमी मराठीत आणताना तेच वापरावेत. सरसकट ‘दरोडा’ लिहू नये. भारतीय कायद्यात दरोड्याला किमान पाच जण लागतात.