घडी न मोडलेली साडी

कपाटाच्या खालच्या कप्प्यात काही साड्या अशा असतात, की त्या कुणी कधी नेसलेल्याच नाहीत. मानपानात आलेल्या, रंग मनात न भरलेल्या, ‘एवढी भारी कुठे नेसायची’ म्हणून ठेवून दिलेल्या. त्या लगेच ओळखू येतात: फॉल नाही, पिको नाही, ब्लाउजपीस अजून साडीलाच. हलकी साडी असेल तर पुढच्या कार्यात दुसऱ्या कुणाला तरी दिली जाते, आणि दोन-तीन घरं फिरून मूळ घरी परत आल्याचे किस्सेही घरोघर ऐकू येतात. भारी रेशमी साडी मात्र अडकून पडते. द्यायला मन होत नाही, नेसायला निमित्त मिळत नाही.

जपून ठेवली म्हणून ती टिकतेच असंही नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम नेमकं त्या घडीवर विरतं. खऱ्या जरीत चांदी असते, ती हवेतल्या गंधकाने काळवंडते. त्यामुळे साडीला कात्री लावणं म्हणजे पाप, हे मला काही पटत नाही. कपाटात विरण्यापेक्षा कुणाच्या अंगावर विरलेली बरी.

कात्री लावणाऱ्या बाईचा हात मात्र तयार हवा. साडी समोर आली की ती आधी उलटी करून बघते. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो, कारण रंगीत धागे एकमेकांत अडकवत विणलेले असतात. यंत्रमागाच्या नकलेत मागे धाग्यांचं जंजाळ असतं, किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा. इरकलीत पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. त्या सांध्यावर कात्री चालवायची नाही. मग घडीची रेघ दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणायची. कुरकुरली, तर तो भाग ताण पडेल अशा जागी घ्यायचा नाही, आणि अस्तर तर हवंच.

सगळ्यात सोपं काम परकर-पोलक्याचं. साडीचा पन्हा साधारण 45 इंच. लहान मुलीला एवढी उंची लागत नाही. जास्तीचं कापड कापायचं नाही, कमरेकडे आत दुमडून टीप मारायची. पोरगी वाढली की टीप उसवायची, परकर पुन्हा पुरतो. साडीचे ड्रेस, जाकिटं हल्ली सर्रास होतात. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

खरी कसोटी शिवलेल्या नऊवारीची. आजीची नऊवारी नातीला आवडते, पण काष्टा घालता येत नाही. मग तीच साडी कापून अशी शिवायची की नेसल्यासारखी दिसावी आणि पायजम्यासारखी पाय घालून चढवता यावी. त्यातही ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी असे प्रकार. नऊ वार म्हणजे जवळपास 8.2 मीटर. नेसताना त्यातलं बरंच कापड कमरेभोवतीच्या वेढ्यात जातं. शिवताना तो वेढा वाचतो, म्हणून सहावारीतूनही, म्हणजे साडेपाच मीटरमध्ये, काम भागतं.

अडचण काठाची. नेसलेल्या साडीत काठ अखंड असतो: समोर निऱ्यांच्या तळाशी, पायांवर तिरका वळलेला, मागे काष्ट्यावर उभा. कापल्यावर त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे एकच काठ वळत गेल्यासारखे बसवायचे असतात. म्हणून जोड निऱ्यांच्या पोटात नाहीतर काष्ट्याच्या घडीखाली लपवतात. निऱ्या आधी घालून, इस्त्री करून मगच कमरपट्टीत धरायच्या. थेट मशीनवर घेतल्या तर सरकतात आणि काठ वरखाली होतो. मागचा काष्टा फार घट्ट झाला तर बसताना टीप उसवते, सैल झाला तर तो काष्टाच वाटत नाही. पदराकडचा दोन-अडीच मीटर भाग अख्खाच ठेवतात. तो खांद्यावर मोकळा सुटला की बघणाऱ्याला वाटतं, नेसलीच आहे.

जुन्या बायका याला ‘पायजमा’ म्हणून हसतात. हसू दे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत ढोल कमरेला बांधून चालणाऱ्या मुलीला साडी सुटण्याची धास्ती नसते, हे काही थोडं नाही. माझा आक्षेप एकच: हातमागाच्या पैठणीच्या पदराचे तुकडे करून त्यातला मोर जाकिटाच्या पाठीवर चिकटवू नये. विणकराने अखंड विणलेलं कापड आहे ते. उरलेल्या अंगाचं हवं ते करा.

चांगली शिवणारी बाई बाजूच्या शिलाईत दोन-दोन इंच माया ठेवते आणि कमरेला हुकाच्या दोन ओळी लावते. तीच नऊवारी मग धाकट्या बहिणीला होते, चुलत बहिणीलाही होते, आणि सणाच्या आदल्या दिवशी आधी कुणी घालायची यावरून दोघींचं वाजतं.