‘शिधा’ आणि युद्ध : दुसऱ्या महायुद्धातील मुंबई इलाख्याची पिछाडी

युद्धात गुंतलेल्या राष्ट्राला एखादा प्रदेश कोणत्या मार्गांनी आधार देतो, हा प्रश्न सामान्यतः इतिहासाचा किंवा अर्थशास्त्राचा मानला जातो. परंतु युद्धकाळात समाजाच्या व्यवहारात जे फेरबदल घडतात त्यांची नोंद भाषेतही होते, आणि पुष्कळदा ती सरकारी अहवालांहून अधिक काळ टिकते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) मुंबई इलाख्याचे उदाहरण घेऊन, काही शब्दांच्या आधारे, या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. रसद आणि गृहआघाडी

मराठीला युद्धाची परिभाषा नवी नाही. सैन्याच्या अग्रभागास ‘बिनी’, पिछाडीच्या तुकडीस ‘चंदावल’, सामानसुमानासह मागून चालणाऱ्या बिनलढाऊ मंडळींस ‘बुणगे’ आणि पुरवठ्यास ‘रसद’ हे शब्द जुन्या बखरींच्या व पत्रांच्या वाचकांस परिचित आहेत. रसद तुटली की सैन्याची काय अवस्था होते, हे १७६१ च्या पानिपताने कायमचे शिकविले. तथापि या परिभाषेत एक गोष्ट गृहीत होती. पिछाडी ही सैन्याचीच असे. गावी राहिलेला कुणबी सारा भरी, धान्य पुरवी. पण तो स्वतः युद्धाच्या रचनेचा भाग आहे, असे कोणी मानीत नसे.

इंग्रजीतील ‘होम फ्रंट’ ही संज्ञा पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. घर आणि आघाडी या दोन विरुद्ध कल्पनांचा तीत संयोग आहे. कारखान्यातील कामगार, शेतकरी आणि चूल सांभाळणारी गृहिणी यांच्यावाचून आधुनिक युद्ध चालत नाही, ही जाणीव त्यामागे होती. मराठीत ‘गृहआघाडी’ असा शब्दशः प्रतिशब्द करता येतो. परंतु या अनुभवाचे खरे मराठी शब्द निराळे आहेत. ते शिधावाटपाच्या दुकानासमोरील रांगेत घडले.

२. इलाख्याने काय दिले

व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी, लोकप्रतिनिधींचा विचार न घेता, हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याची घोषणा केली. त्याच वर्षी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि इलाख्याचा कारभार गव्हर्नर व त्यांचे सल्लागार यांच्याकडे गेला. म्हणजे येथील पिछाडीची उभारणी लोकसंमतीवाचूनच झाली, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

असे असूनही प्रदेशाने दिले ते थोडे नव्हते. मराठा पलटणी आफ्रिकेत व इटलीत लढल्या. यशवंत घाडगे (१९४४) व नामदेव जाधव (१९४५) यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांनी लष्करासाठी कापड विणले, खडकीच्या कारखान्याने दारूगोळा पुरविला, आणि मुंबई बंदरातून माणसे व माल यांची अखंड ने-आण चालू राहिली. या बंदरानेच पिछाडी आणि रणभूमी यांतील अंतर एका दुपारी पुसून टाकले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील स्फोटकांचा भडका उडाला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि गोदीलगतच्या वस्त्या व मालाची कोठारे भस्मसात झाली.

मात्र देणारा समाज एकमुखी नव्हता. मार्च १९४० मध्ये गिरणी कामगारांनी महागाईभत्त्यासाठी सार्वत्रिक संप केला. ज्या सातारा जिल्ह्याने लष्कराला पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरविली, त्याच जिल्ह्यात १९४२ च्या आंदोलनानंतर नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. काही गावांत एकाच वेळी लष्करातून येणारी मनिऑर्डर स्वीकारली जात होती आणि भूमिगतांना भाकरीही पुरविली जात होती. अशा स्थितीत राजनिष्ठेच्या आवाहनावर पिछाडी टिकणे शक्य नव्हते. तिला दुसरा आधार शोधावा लागला.

३. धान्याचा पेच

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मुंबई इलाखा धान्याच्या बाबतीत मुळातच तुटीचा. मुंबई शहर आणि भात खाणारे कोकण यांना याचा फटका प्रथम बसला. १९४२–४३ मध्ये विजापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला. त्यातच युद्धखर्चामुळे चलन फुगले, किमती वाढल्या आणि व्यापाऱ्यांनी माल दडवून ठेवण्यास आरंभ केला. धनंजयराव गाडगीळ व नी. वि. सोवनी यांनी १९४३ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात युद्धकालीन आर्थिक धोरणाची जी चिकित्सा केली, तिला ही पार्श्वभूमी होती.

मुंबई शहरात मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. त्याची रचना वरवर साधी दिसते. कुटुंबाची नोंद करावयाची, माणशी प्रमाण ठरवावयाचे, पत्रिका द्यावयाची आणि ठरलेल्या दुकानातून ठरलेल्या भावाने धान्य द्यावयाचे. परंतु प्रत्येकास वाटा देण्याचे वचन दिले की तेवढे धान्य सरकारच्या हाती असावे लागते. म्हणून खेड्यांत शेतकऱ्याकडून सक्तीची ‘लेव्ही’ आली. दुकानदारावर देखरेख आली. भात खाणाऱ्यास गहू किंवा भरड धान्य पत्करावे लागले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या धान्यनीति समितीने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटप सुरू करावे आणि प्रौढ माणसास दररोज किमान एक पौंड धान्य मिळावे, अशी शिफारस केली.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. लेव्हीचा भार लहान शेतकऱ्यास जाचक झाला, धान्य निकृष्ट असल्याची ओरड झाली आणि काळा बाजार तर शेवटपर्यंत चालू राहिला. पण मुंबईत माणसे भुकेने रस्त्यावर मेली नाहीत.

४. बंगालचा धडा

याचे मोल बंगालशी तुलना केल्यावरच कळते. बंगालनेही युद्धास आधार दिला. किंबहुना जपानी आघाडी त्याच्या सीमेवर असल्याने त्याच्यावरील भार अधिक होता. तेथे १९४२ पासून कलकत्त्याच्या युद्धोपयोगी उद्योगांतील कामगारांस धान्य पुरविण्यास अग्रक्रम देण्यात आला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनारी भागातील होड्या काढून घेण्यात आल्या, आणि जलमार्गांवर जगणाऱ्या प्रदेशाचे दळणवळणच खुंटले. कलकत्त्यातील शिधावाटप जानेवारी १९४४ च्या अखेरीस सुरू झाले. तोवर १९४३ चा दुष्काळ होऊन गेला होता. वुडहेड चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख मानला. पुढील अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात.

दोन्ही प्रदेशांच्या परिस्थितीत भेद होता, हे मान्य करूनही एक तत्त्व स्पष्ट होते. कलकत्त्याने ‘युद्धास कोण उपयोगी?’ असे विचारून अन्न दिले; मुंबईने ‘येथे किती तोंडे आहेत?’ असे विचारून. पहिल्या प्रश्नात खेड्यातील भूमिहीन मजूर, कोळी, विधवा यांना स्थानच नव्हते.

५. शब्दांची साक्ष

‘रेशन’ हा शब्द मूळचा लष्करी. सैनिकाला किंवा खलाशाला रोज मोजून मिळणारा अन्नाचा वाटा, हा त्याचा अर्थ. महायुद्धात तो नागरिकास लागू झाला. ‘कंट्रोल’ ही इंग्रजीतील भाववाचक संज्ञा मराठीत येताच दुकान व माल यांना चिकटली. ‘कंट्रोलचा तांदूळ’, ‘कंट्रोलचे कापड’ हे प्रयोग त्यातून झाले आणि खेड्यापाड्यांत स्वस्त धान्य दुकानाला आजही कित्येक जण ‘कंट्रोल’ म्हणतात.

सर्वांत उद्बोधक शब्द मात्र ‘शिधा’ हा होय. संस्कृत ‘सिद्ध’शी त्याचे नाते सांगतात. अतिथीला, ब्राह्मणाला किंवा याचकाला दिलेले कोरडे धान्य, असा त्याचा परंपरागत व्यवहार. शिधा हे दान होते. देणाऱ्यास पुण्य, घेणाऱ्यास उपकार. ‘वाटप’ या शब्दाचे गोत्र निराळे आहे. भावाभावांतील वाटणीत मागावयाचा तो ‘वाटा’, आणि वाटा मागताना कोणी हात जोडीत नाही. ‘शिधावाटप’ या समासात दानाच्या शब्दाला हक्काचा शब्द जोडला गेला. समास करणाऱ्यांच्या मनात हा विचार असेलच असे नाही. पण व्यवहाराने तो अर्थ त्यात भरला.

युद्ध संपल्यावरही ही व्यवस्था संपली नाही. नियंत्रणे १९४७ च्या अखेरीस सैल झाली, १९४८ मध्ये परत आली, १९५४ मध्ये पुन्हा उठली. १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याने तिच्या अधिकारांना स्थायी रूप दिले आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सवलतीच्या धान्यास कायदेशीर हक्काचा दर्जा दिला.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, पिछाडीचे बळ केवळ तिने दिलेल्या माणसांवरून व मालावरून मोजता येत नाही. प्रदेश राष्ट्रासाठी किती सोसू शकेल, हे त्या सोसण्याची वाटणी कशी होते यावर अवलंबून असते. १९४३ साली मुंबईने वाटणीचे माप हाती घेतले, बंगालमध्ये ते वेळेवर घेतले गेले नाही. आणि युद्धाचा आधार म्हणून उभी केलेली पिछाडीच तेथे सर्वांत मोठी रणभूमी ठरली.