जैसे थे करार, हैदराबादचा

हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान व भारत सरकार यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाच्या मुदतीसाठी झालेला तात्पुरता करार. हैदराबाद संस्थानाचा प्रश्न शस्त्रबळाविना सोडविण्याच्या प्रयत्नांत त्याला मध्यवर्ती स्थान आहे. तो निष्फळ ठरल्याने दहा महिन्यांच्या आतच लष्करी कारवाई करावी लागली.

पार्श्वभूमी : १९४१ च्या जनगणनेनुसार संस्थानाची लोकसंख्या सु. १ कोटी ६३ लाख होती व तीत तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषकांचे बाहुल्य होते. आजचा हिंगोली जिल्हा (स्थापना १ मे १९९९) तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडत असे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी घालण्यात आली. ती १९४६ मध्ये उठली. जून १९४७ मध्ये निजामाने भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही संविधान सभेत सामील न होण्याचे जाहीर केले. ७ ऑगस्ट रोजी स्टेट काँग्रेसने सामीलीकरणासाठी आंदोलन सुरू केले. लवकरच स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली.

वाटाघाटी : जुलै १९४७ मध्ये छतारीचे नवाब यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ दिल्लीस गेले. सर वॉल्टर मंक्टन हे निजामाचे घटनाविषयक सल्लागार होते. निजामाने वऱ्हाडावरही हक्क सांगितला. १८५३ च्या तहान्वये हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. हिंगोली ही याच फौजेची एक छावणी होय. ऑक्टोबरअखेर कराराचा मसुदा तयार झाला. परंतु इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावाने शिष्टमंडळाच्या सदस्यांच्या निवासस्थानांना वेढा घातला. छतारी यांनी राजीनामा दिला, नवे शिष्टमंडळ नेमले गेले आणि अखेर करारावर सह्या झाल्या.

तरतुदी व भंग : परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व दळणवळण यांबाबत ब्रिटिश काळातील व्यवस्था चालू ठेवणे, परस्परांकडे प्रतिनिधी नेमणे आणि वाद लवादाकडे सोपविणे, या प्रमुख तरतुदी होत. भारताचे प्रतिनिधी म्हणून क. मा. मुनशी यांची नियुक्ती झाली. मात्र उभयपक्षी कराराचा अर्थ भिन्न होता : भारत सरकार त्यास सामीलीकरणाची पायरी मानीत होते, तर निजामाला स्वातंत्र्याच्या तयारीसाठी अवधी हवा होता. हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले व भारतीय चलनावर निर्बंध घातले. भारत आर्थिक कोंडी करीत असल्याची तक्रार हैदराबादने केली.

करारातील सर्वांत मोठी उणीव म्हणजे संस्थानातील प्रजा त्यात पक्षकार नव्हती. कासिम रझवीच्या रझाकार संघटनेवर त्यात कोणतेही बंधन नव्हते. परिणामी दिल्लीत शांततेची बोलणी चालू असताना मराठवाड्यातील खेड्यांत लूट व जाळपोळ वाढत गेली. अनेक कुटुंबे सीमेपलीकडे गेली. वऱ्हाडातील उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले. वसमत भागातील बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमत येथील बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्यांच्या स्मरणार्थ आहे.

अखेरचा प्रयत्न : जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांनी नवा मसुदा पुढे केला. रझाकारांचे विसर्जन, जबाबदार राज्यपद्धती व सार्वमत यांचा त्यात समावेश होता. निजामाने तो नाकारला. ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे धाव घेतली. १३ सप्टेंबर रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. यानंतर अनेक ठिकाणी मुस्लिम नागरिकांवर अत्याचार झाले. त्यांची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. सामोपचार फसल्याची किंमत अशा रीतीने दोन्ही समाजांतील सामान्य जनतेला मोजावी लागली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.