मुद्रा कर्जावर घेतलेल्या ट्रकला समोरून धडक बसल्यास काय करावे?

प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या कर्जातून घेतलेल्या मालवाहू गाडीला समोरून धडक बसली आणि केवळ बंपर दबलेला दिसला, तरी पुढील तपासणी केल्याशिवाय भाडे घेऊ नये.

धोक्याची लक्षणे
• गाडी एका बाजूला ओढते.
• सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरके राहते.
• पुढच्या टायरची एकच कड झिजते.

दुरुस्ती
• टाय रॉड, ड्रॅग लिंक, किंगपिन, पुढचा अ‍ॅक्सल, पाटे व यू-बोल्ट तपासून घ्यावेत.
• वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करू नये. तो कमजोर होऊन चालत्या गाडीत तुटू शकतो. नवाच बसवावा.
• शेवटी व्हील अलाइनमेंट करावे.

विमा व हप्ता
• गाडी खोलण्यापूर्वी फोटो काढून विमा कंपनीला कळवावे. सर्वेक्षकाच्या पाहणीपर्यंत काढलेले भाग जपून ठेवावेत.
• फक्त थर्ड पार्टी विमा असल्यास स्वतःच्या गाडीचा खर्च मिळत नाही.
• गाडी उभी असली तरी कर्जाचा हप्ता सुरूच राहतो. अडचण असल्यास हप्ता थकण्यापूर्वी बँक शाखेत लेखी अर्ज द्यावा.

विमा कंपनीने तक्रारीची दखल न घेतल्यास विमा नियामकाच्या १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.