मूल रात्री अंथरूण ओले करते? मारू नका, कारण शोधा

सात-आठ वर्षांचे मूल झोपेत लघवी करते, ही गोष्ट बहुतेक घरांत दाबून ठेवली जाते. सकाळी गोधडी मुकाट्याने वाळत पडते, मुलाला दोन रट्टे बसतात आणि दिवस सुरू होतो. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला मुक्कामी जायचे ठरले, की मूल मागे राहतो म्हणते. सहावीला नवोदय किंवा समाजकल्याणच्या निवासी शाळेत नंबर लागला, तर आईच पाऊल मागे घेते. ओल्या अंथरुणापायी मुलाचे शिक्षण अडू नये, म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

मूल हे मुद्दाम करत नाही

झोपेत लघवी होणे हा आळस नाही, हट्ट नाही आणि बाहेरची बाधा तर नाहीच. पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी साधारण १५ मुले रात्री अंथरूण ओले करतात. पुढे दरवर्षी अशा मुलांपैकी सुमारे १५ टक्के मुले आपोआप कोरडी राहू लागतात. पंधराव्या वर्षापर्यंत शंभरात एखाद-दुसरेच उरते. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे प्रमाण जास्त असते. पाच वर्षांच्या आतील मुलाची काळजीच करू नये.

कारणे मुख्यतः तीन आहेत. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदू एक संप्रेरक सोडतो. काही मुलांत ते पुरेसे वाढायला वेळ लागतो. काहींचे मूत्राशय लहान असते किंवा भरण्याआधीच आकसते. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण पाव लिटर लघवी मावते. तिसरे म्हणजे, मूत्राशय भरल्याचा निरोप गाढ झोपेतल्या मेंदूला जागे करत नाही. हा प्रकार घराण्यातही चालत येतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर दहापैकी साधारण चार मुलांना होतो. दोघांनाही असेल, तर चारपैकी सुमारे तिघांना. म्हणून मुलाला रागावण्याआधी आजीला विचारून बघा.

उपायाची सुरुवात दिवसा करा

आपल्याकडची बरीच मुले शाळेत पाणीच पीत नाहीत, कारण तिथले संडास घाण असतात. जळगाव-धुळ्याच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात दिवसभर तहान मारतात आणि घरी येऊन संध्याकाळी तांब्याने पाणी पितात. ते सगळे रात्री बाहेर येते. हे चक्र उलटे करायचे आहे.

- दिवसभराच्या पाण्याचे पाच भाग धरा. दोन भाग सकाळी, दोन दुपारी आणि एकच भाग संध्याकाळी. शाळेत बाटली द्या.
- दिवसा दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवा. शाळेत सुट्टी झाली की जायचेच, हे बाईंना सांगून ठेवा.
- संध्याकाळचा चहा बंद करा. चहाने लघवी वाढते. रात्री कुरकुरे, वेफर्स नकोत. खारटाने तहान लागते.
- जेवण लवकर द्या. झोपेच्या दीड-दोन तास आधीपासून पाणी घोट-दोन घोटच. तहानलेले मात्र ठेवू नका.
- पोट साफ होते का ते बघा. साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो. नुसत्या बिस्किटांवर राहणाऱ्या मुलाला कळण्याची भाकरी, पालेभाजी, डाळ, पेरू द्या. पुष्कळ मुलांचा अर्धा त्रास इथेच कमी होतो.
- झोपण्याच्या तयारीला एकदा आणि आडवे होण्याआधी पुन्हा एकदा, अशी दोन वेळा लघवी करायला लावा.

रात्रीची सोय

सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला, वाटेत अंधार आणि कुत्री. अशा वेळी जाग आली तरी मूल उठत नाही. त्याला स्पष्ट सांगा, की रात्री घरातल्या मोरीत केले तरी चालेल. मोरी नसेल तर दाराशी झाकणाची बादली ठेवा. बारीक दिवा लावा आणि मुलाला कडेला झोपवा, म्हणजे कोणाला ओलांडावे लागणार नाही.

पाणी काही दिवसांआड येत असेल, तर रोज गोधडी धुणे ही आईसाठी शिक्षाच असते. तिची चिडचिड आम्ही समजू शकतो. म्हणून गोधडीवर मेणकापड आणि त्यावर जुन्या लुगड्याची दोन-तीन पदरी घडी घाला. सकाळी तेवढीच धुवावी लागेल. घडी काढायला मूल मदत करील, पण शिक्षा म्हणून नव्हे. आणि हे काम एकट्या आईचे नाही, वडिलांनीही हात लावावा.

एका वहीत महिनाभर रोज लिहा: रात्र कोरडी की ओली, दिवसा पाणी किती, पोट साफ झाले का. शाबासकी द्यायची ती कोरड्या रात्रीबद्दल नव्हे, कारण झोप मुलाच्या हातात नसते. वेळेवर पाणी प्याले, झोपण्याआधी दोनदा जाऊन आले, याबद्दल द्या.

हे करू नका

मारणे, उपाशी ठेवणे, ओली चड्डी गल्लीत दाखवणे, भावंडांसमोर हसणे यांतून भीती वाढते आणि भीतीने त्रास लांबतो. भगताचा अंगारा, ताईत, चटके देणे यांत पैसा जातो आणि मुलाला इजा होते. तीळगूळ खाऊ म्हणून द्या, औषध म्हणून त्यावर विसंबू नका. अर्धवट झोपेत उचलून नेल्याने त्या रात्रीची गोधडी वाचते, पण सवय लागत नाही. उठवायचेच तर पूर्ण जागे करून चालत न्या.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, दिवसाही कपडे ओले होतात, लघवीला जळजळ होते, ताप येतो, धार बारीक आहे किंवा मूल खूप घोरते, तर थांबू नका. खूप तहान, खूप लघवी आणि वजन घटणे ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खान्देशाने सिकलसेलही लक्षात ठेवावा. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात आणि विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार आढळतो. आपल्या सोयरिकी तिकडेही आहेत. सिकलसेलमध्ये मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून ती जास्त होते. हातपाय दुखणे, वारंवार फिकटपणा किंवा डोळे पिवळे दिसणे अशी लक्षणे असतील, तर रक्ततपासणी करून घ्या. अशा मुलाचे पाणी मात्र कधीही तोडू नका. त्याने वेदना उठू शकतात.

कधी कारण मनात असते: घरातले भांडण, दारू, शाळेतली मारहाण, कोणी केलेला वाईट स्पर्श. मुलाला एकांतात, शांतपणे विचारा. मूल असुरक्षित वाटले तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे.

तपासणीसाठी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हाही सांगा. पुढे जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बालरोग विभाग आहे. सोबत ती वही न्या.

सवयींनी भागले नाही, तर साधारण सात वर्षांनंतर डॉक्टर दोन उपाय सुचवतात. एक, ओल लागताच वाजणारी घंटा. ती दोन-तीन महिने नेटाने वापरावी लागते आणि सुमारे दोन तृतीयांश मुलांना तिचा गुण येतो. मात्र एका खोलीच्या घरात सगळेच जागे होतात, हे धरून चाला. दुसरा उपाय म्हणजे रात्रीची गोळी. ती घेतल्यावर पाणी मोजूनच प्यायचे असते, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका.

निवासी शाळेत नंबर लागला तर

जागा सोडू नका. चार-पाच महिने आधी हे प्रयत्न सुरू करा. गृहपालांना एकट्यात सांगा, दाराजवळची खालची जागा मागा, मेणकापड आणि जादा चादर सोबत द्या. मुक्कामाच्या काही रात्रींसाठी डॉक्टर गोळी देऊ शकतात, ती घरी आधी घेऊन बघावी लागते.

आज रात्री मुलाला जवळ घेऊन एवढेच सांगा: "तुझी चूक नाही. आपण मिळून हे थांबवू." आणि उद्या सकाळी शाळेच्या दप्तरात पाण्याची बाटली ठेवा.