मुरगळलेल्या पायात एमआरआय काय पाहतो?

शेताच्या धुऱ्यावरून उतरताना पाय घसरतो, चवडा खड्ड्यात अडकतो आणि अंगाचा सगळा भार त्यावर येतो. उमरेड परिसरात शेतात, कोळसा खाणीत किंवा दुचाकीवरून पडून अशी दुखापत कुणालाही होऊ शकते. एक्स-रेत हाड शाबूत दिसते, मग ‘लचक भरली’ म्हणून मालीश सुरू होते. पण दुखणे घोट्यात नसून त्याच्या पुढे, पायाच्या कमानीच्या माथ्यावर असेल आणि ते हटत नसेल, तर दुखावला आहे तो अस्थिबंध असू शकतो.

अस्थिबंध म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. पायाच्या मधल्या भागात पाच लहान हाडे असतात. त्यांतली तीन पाचरीच्या आकाराची. दगडी कमानीतल्या घडीव दगडांसारखी ती एकमेकांना धरून बसतात. चवड्याची दुसरी ते पाचवी लांब हाडे मुळाशी एकमेकांना बांधलेली असतात. पहिल्या आणि दुसऱ्या हाडांच्या मुळांमध्ये मात्र असा बंध नसतो. ती उणीव अंगठ्याकडच्या पाचरीपासून दुसऱ्या हाडाच्या मुळापर्यंत तिरका गेलेला लिस्फ्रांक अस्थिबंध भरून काढतो. जाक लिस्फ्रांक (१७९०–१८४७) या फ्रेंच शल्यचिकित्सकाचे नाव त्याला मिळाले आहे. हा बंध सुटला की कमान हळूहळू बसते.

एक्स-रेत अस्थिबंध दिसत नाही. हाडांमधली फट वाढली, तरच त्याच्या दुखापतीचा अंदाज येतो. एमआरआय मात्र शरीरातल्या पाण्याचा माग काढतो. १.५ टेस्लाच्या यंत्रातले चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट असते. त्यात पाण्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रके एका दिशेला झुकतात. रेडिओ लहरींनी त्यांना हलवले की ती परत येताना संकेत देतात आणि त्या संकेतांतून चित्र तयार होते. अस्थिबंधाच्या घट्ट विणीत हा संकेत चटकन विझतो, म्हणून निरोगी बंध काळसर, ताणलेल्या पट्टीसारखा दिसतो. चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या चित्रात सुजेचे पाणी पांढरे चमकते. पट्टीत पांढरेपणा शिरला तर इजा. पट्टी खंडित किंवा सैल, नागमोडी झाली तर बंध फाटलेला.

हा बंध जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतो. म्हणून २–३ मिलिमीटर जाडीचे छेद घेतात आणि त्यांतले काही त्याच्या तिरक्या रेषेतच लावतात. निरोगी बंधातही करड्या रेषा दिसू शकतात. शिवाय तंतू चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करत असतील, तर धडधाकट बंधही खोटाच उजळ दिसतो. त्यामुळे रेडिओलॉजिस्ट एका चित्रावर निकाल देत नाहीत, सगळे छेद ताडून पाहतात.

एक मर्यादा राहतेच. साध्या एमआरआयमध्ये रुग्ण आडवा असतो, पायावर भार नसतो. फट भाराखाली किती उघडते, हे उभे राहून काढलेल्या दोन्ही पायांच्या एक्स-रेत कळते. दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक आहेत.

उमरेडहून नागपूरला तपासणीसाठी निघताना जोडवी आणि पैंजण घरीच काढून ठेवा. जोडवे बोटात रुतले असेल, तर तंत्रज्ञाला आधीच सांगा. चित्र नेमके पायाचेच घ्यायचे असते आणि धातूमुळे ते बिघडते. पेसमेकर, शरीरात बसवलेली धातूची पट्टी किंवा स्क्रू असेल, तर लपवू नका. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगा. यंत्राचा आवाज मोठा असतो, पण एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग यात नाही. तपासणी चालू असताना पाय अजिबात हलवू नका.

मुरगळल्यानंतर पायावर भार देता येत नसेल किंवा तळपायावर काळेनिळे उमटले असेल, तर मालीश थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वेळीच ओळखलेला बंध जुळवता येतो. उशीर झाला तर सांधा झिजू शकतो आणि तो झिजलेला सांधा जन्मभर दुखू शकतो.